‘हे तर काहीच नाही…’

२००३ च्या जुलैमध्ये ‘डरना मना है’ लागला तेव्हा नाना पाटेकर, सैफ अली खान, शिल्पा शेट्टी, विवेक ओबेरॉय अशी नावांची रांग होती आणि हिरो कोण हे काही केल्या कळत नव्हतं. थिएटरात गेल्यावर उलगडा झाला. दिग्दर्शन प्रवाल रामन यांचं, निर्मिती रामगोपाल वर्मांची. सहा भीतीच्या गोष्टी आणि त्या सहांना पोटात घेणारी सातवी. रात्री जंगलात गाडी बंद पडते, अडकलेले मित्र शेकोटी करून बसतात, वेळ जावा म्हणून एकेक जण गोष्ट सांगतो आणि गोष्टी वाढत जातात तसे ऐकणारे कमी होत जातात. चांगली माणसं सफरचंदं होऊन पडतात, सिगरेटचा राग असलेला हॉटेलमालक गिऱ्हाइकाच्या जिवावर उठतो. बोमन इराणीनं तो काय केला होता! तरीही बाहेर पडल्यावर माझ्या मनात राहिली ती शेकोटीच. गोष्टीतलं भूत गोष्टीत राहत नाही, ते ऐकणाऱ्यांच्या घोळक्यात येऊन बसतं, हा त्या सिनेमाचा खरा डाव होता.

आमच्या पिढीच्या सोलापूरकरांना हा डाव लहानपणापासून ठाऊक होता. आमच्याकडे जंगल नव्हतं, शेकोटीची तर गरजच नव्हती. एप्रिल-मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर, घराच्या भिंती रात्री दहालाही चटका देणाऱ्या. सगळी गल्ली अंथरुणं बगलेत मारून गच्चीवर. संध्याकाळी बादल्यांनी पाणी मारून ठेवलेलं असायचं, त्याची वाफ निघून गेली की गोधड्या पडायच्या. गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये गुडघाभर कठडा. आमच्या गच्चीवरून तेलुगू शेजाऱ्यांच्या गच्चीवर, तिथून कन्नड घराच्या, तिथून चाचांच्या. पलीकडे साखर पेठेकडून मागांचा खडखडाट येत राहायचा आणि वीज गेली की तो एकदम थांबायचा. ती शांतता पडली की कुणी तरी म्हणायचंच, ‘काय बे, आज काही सांगतो का नाही?’

सुरुवात बहुतेक वेळा गिरणीतल्या काकांनी व्हायची. सोलापूरच्या जुन्या गिरणीची स्थापना १८७७ ची. आमच्या लहानपणी ती बंद पडून वर्षं झाली होती, पण लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी चालू होत्या आणि गल्लीतली निम्मी घरं भोंग्यावर उठत-बसत होती. काकांची गोष्ट रातपाळीची. पाळी सुटली, सायकल काढली, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. कोपऱ्यावरच्या चिंचेखालून गेले आणि सायकल जड झाली. चाकात हवा आहे, साखळी ठीक आहे, वारा समोरून नाही. पण पायडल हलत नाही. कॅरिअरवर कुणी तरी बसलंय. मागं वळून बघायचं नाही एवढं त्यांना माहीत. घामाघूम होऊन गल्लीच्या तोंडाशी आले आणि सायकल अशी हलकी झाली की तोलच गेला. काका इथं थांबायचे. तांब्यातलं पाणी प्यायचे. आम्हा पोरांना आता पुरे असं वाटत असतानाच शेजारच्या गच्चीवरून तेलुगू अव्वाचा आवाज यायचा: ‘हे तर काहीच नाही…’

ती दिवसभर विड्या वळायची आणि रात्री गच्चीवरही सूप मांडीवर असायचं. कात्रीनं कापलेलं तेंदूचं पान, चिमूटभर तंबाखू, वळण, तोंड दुमडणं, दोरा. बोटांना उजेड लागत नसे. तिची गोष्ट त्याच चिंचेची, पण काकांच्या आधीची, ती लग्न होऊन या गल्लीत आली तेव्हाची. एक बाई रोज रात्री चिंचेखाली उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला घरी सोडायला सांगायची. कुणाला दिसली, कुणी सोडली, मग काय झालं, हे सगळं ती तेलुगू-मराठीच्या मिश्रणात, जराही आवाज न चढवता सांगायची. ऐन क्षणाला तिची बोटं थांबायची आणि दोऱ्याचं टोक दातात तसंच राहायचं. मग पलीकडची कन्नड अज्जी म्हणायची की ती बाई मुळात अक्कलकोटच्या रस्त्यावरची, आमच्या गावाकडं तिला सगळे ओळखतात. चाचा म्हणायचे, बाईबिई काही नाही, तिथं जिनाचं ठाणं आहे, त्याला अत्तराचा वास येतो. लगेच काकांना आठवायचं की सायकल जड झाली तेव्हा कसला तरी वास आला होता खरा.

अशी चार घरांची, चार भाषांची एकच गोष्ट व्हायची. कुणी लिहून ठेवलेली नव्हती, कुणी ठरवून जोडलेली नव्हती. चिंच मात्र खरी होती. सकाळी शाळेत जाताना तिच्याखालूनच जावं लागायचं आणि रात्री पाण्याचा माठ रिकामा झाला की जिना उतरून तळमजल्यावर जावं लागायचं. त्या जिन्यावर जी भीती वाटायची, तिच्या जवळपास जाणारा पडद्यावरचा एकही प्रसंग मी अजून पाहिलेला नाही.

गोष्टीत गोष्ट गुंफायच्या या बांधणीचं मूळ फार जुनं आहे आणि ते आपल्याच मातीत आहे, याचा मला अभिमान वाटतो. विक्रम-वेताळाला आपण उज्जैनशी जोडतो, पण सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाला खांद्यावर घेणारा राजा त्रिविक्रमसेन आहे आणि त्याचं राज्य गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात, म्हणजे आपल्या पैठणात. एक भिक्षू त्याला रोज एक फळ आणून देतो, दहा वर्षं देत राहतो आणि एक दिवस कळतं की प्रत्येक फळात रत्न होतं. त्या उपकाराच्या बदल्यात राजाला मसणात जाऊन झाडावरचं प्रेत आणायचं आहे. वाटेत प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो, प्रश्न टाकतो, राजा बोलला की प्रेत पुन्हा झाडावर. गोष्टी प्रेमाच्या, चोराच्या, राजपुत्रांच्या. त्यातल्या कितीतरी मुळीच भीतीदायक नाहीत. भीती आहे ती सांगणारा खांद्यावर आहे, त्याची थंडगार पाठ आपल्या पाठीला लागली आहे, याची. ‘कथासरित्सागर’ ज्या ग्रंथावरून आला, तो गुणाढ्याचा ‘बृहत्कथा’ ग्रंथ. परंपरा सांगते की गुणाढ्य सातवाहनांच्या पदरी होता आणि त्यानं हा ग्रंथ पैशाची भाषेत लिहिला. राजानं झिडकारल्यावर तो रानात बसून पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवत जाळत गेला. सात लाख श्लोकांतले एक लाख उरले म्हणतात. गोष्टी राहिल्या त्या कुणी तरी ऐकत बसलं होतं म्हणून.

माझ्या वाट्याला वेताळ आला तो आधी ‘चांदोबा’तून. राजा वाकलेला, हातात तलवार, खांद्यावर पांढरं प्रेत, ते शंकर यांचं चित्र महिन्याच्या महिन्याला तेच असूनही मी प्रत्येक वेळी निरखून बघायचो. मग १९८५ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागरांची मालिका आली. अरुण गोविल विक्रम, सज्जन वेताळ. ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्याकडे रविवारी अख्खी गल्ली. वेताळ उडाला की पुढे बसलेली पोरं ओरडायची आणि मागे बसलेल्या आया हसायच्या.

टॉकीजचा काळही तोच. भागवत, प्रभात, मीना, गेंट्याल ही नावं घेतली की आजही पन्नाशीतल्या सोलापूरकराचा चेहरा बदलतो. रामसे बंधूंचे ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८) मोठ्यांसाठीचे. आमच्यासाठी फक्त भिंतीवरची पोस्टरं आणि थोरल्या भावांनी येऊन सांगितलेली, तिखटमीठ लावलेली स्टोरी. १९९३ मध्ये त्याच रामसेंचा ‘झी हॉरर शो’ केबलवरून घरात आला, १९९५ मध्ये ‘आहट’. गच्ची रिकामी व्हायला सुरुवात झाली ती तेव्हापासून, असं मला वाटतं. गोष्टी भरपूर झाल्या, दर आठवड्याला नव्या झाल्या, पण एकीचा दुसरीशी संबंध उरला नाही. या आठवड्यातला वाडा पुढच्या आठवड्यात पुसला जायचा.

पुस्तकांनी मात्र ते सूत सोडलं नाही. वाचनालयातून आणलेली नारायण धारपांची पुस्तकं घरात उशीखाली फिरायची. त्यांचे समर्थ एका कथेतून दुसरीत यायचे आणि ते आले की जरा धीर वाटायचा. रत्नाकर मतकरींचं वेगळं. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’ वाचताना वाडे-स्मशानं फार लागत नसत. चाळीतली खोली, ओळखीचं माणूस, साधं बोलणं पुरे व्हायचं. दिवाळी अंकात त्यांची गूढकथा आधी काढून वाचायची हा कितीतरी घरांचा रिवाज होता. मतकरी गेले १७ मे २०२० ला, करोनाच्या साथीत. त्यांच्या वाचकांना अंत्यदर्शनालाही जमता आलं नाही.

बाहेरच्या जगातही ज्यांना सांगणारा आणि ऐकणारा यांना गोष्टीत ओढायचं हे मर्म कळलं त्यांचे सिनेमे टिकले. १९४५ चा इंग्रजी ‘डेड ऑफ नाइट’ घ्या. एक वास्तुविशारद कामासाठी गावाकडच्या घरी येतो आणि तिथले सगळे पाहुणे त्याला आधीच स्वप्नात दिसलेले असतात. प्रत्येक जण आपला अनुभव सांगतो आणि शेवटी ते घर, ते पाहुणे, ते स्वप्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. सत्यजित राय यांच्या ‘तीन कन्या’मधली (१९६१) ‘मणिहारा’ त्याहून मला जवळची. घाटावर बसून एक शाळामास्तर एका अनोळखी माणसाला दागिन्यांच्या वेडापायी गेलेल्या बाईची आणि तिच्या नवऱ्याची गोष्ट सांगतो. माणूस निमूट ऐकतो. शेवटी सांगतो की तो नवरा मीच, आणि दिसेनासा होतो. सांगणारा जिवंत, ऐकणारा भूत!

२०२० च्या १ जानेवारीला नेटफ्लिक्सवर ‘घोस्ट स्टोरीज’ आला. झोया अख्तर, अनुराग कश्यप, दिबाकर बॅनर्जी, करण जोहर. चौघांच्या चार गोष्टी. दिबाकर बॅनर्जींची गोष्ट मी आजही अस्सल मानतो: मोठ्या गावची माणसं छोट्या गावच्या माणसांना खातात आणि जिवंत राहायचं तर हलायचं नाही, बोलायचं नाही. सुरेखा सिक्रींची अंथरुणाला खिळलेली म्हातारीही विसरता येत नाही. पण चार गोष्टींमध्ये कोणतीच गाठ नाही. एक संपते, दुसरी लागते. शेकोटी नाही, प्रेत खांद्यावर नाही, चिंच नाही. २००६ च्या ‘डरना जरूरी है’त निदान पडक्या घरातली म्हातारी तरी होती, वाट चुकलेल्या पोरांना जवळ घेऊन गोष्टी सांगणारी.

आता जोडणी होते ती वेगळ्या तऱ्हेनं. ‘स्त्री’ (२०१८), ‘भेडिया’ (२०२२), ‘मुंज्या’ (२०२४), मग ‘स्त्री २’. एका सिनेमातलं पात्र दुसऱ्याच्या शेवटी डोकावतं आणि पोरं नावांची पाटी संपेपर्यंत खुर्चीत बसून राहतात. यातला ‘मुंज्या’ आदित्य सरपोतदारांनी केला. पिंपळावरचा आपला मुंजा देशभर पोचला याचा मला मनापासून आनंद झाला. ‘स्त्री’ची गोष्ट तर आमच्या दोन्ही शेजाऱ्यांची. रात्री दार ठोठावणारीला परत पाठवण्यासाठी दारावर ‘उद्या ये’ असं लिहून ठेवायचं, हे कर्नाटकात १९९० च्या दशकात कन्नडमध्ये लिहिलं जात होतं आणि तेलुगू मुलखातही तीच आख्यायिका आहे. सिनेमानं तिला मध्य प्रदेशातल्या चंदेरीला नेलं. चालायचंच, गोष्टी अशाच गाव बदलतात. आमची अज्जीही त्या बाईला अक्कलकोटच्या रस्त्यावरूनच आणत होती. फरक एवढाच, की जोडणारा आता निर्माता आहे. ऐकणाऱ्यानं ‘हे तर काहीच नाही’ म्हणून आपली गोष्ट त्यात घालायची सोय राहिली नाही.

तशी जागाही राहिली नाही. गल्लीतली घरं पडून अपार्टमेंट झाली, गच्चीला कुलूप लागलं, वर टाक्या आणि डिश. गिरण्या एकेक करून बंद झाल्या, रातपाळी गेली, भोंगा गेला, सायकलवरून पहाटे परतणारी माणसं गेली. चिंच रस्तारुंदीत गेली. माझ्या घरातली मुलं आजही भीतीचे सिनेमे बघतात, माझ्यापेक्षा जास्त बघतात, कोरियन बघतात, जपानी बघतात. कानात इअरफोन, खोलीत कूलर, हातात मोबाईल. घाबरली की पॉज करतात. एकट्यानं बघण्यात मजा आहे हे मी नाकारत नाही, पण शेजारच्याच्या अंगावरचा काटा बघून आपल्या अंगावर येणारा काटा त्यांना मिळत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भुताच्या गोष्टींबद्दल हळहळलं की लोक विचारतात, तुम्हाला अंधश्रद्धा परत आणायची आहे का? मुळीच नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि तो फार आधी व्हायला हवा होता. भूत उतरवणारा भीतीचे पैसे घेतो, बाईला मारतो, घर बुडवतो. गच्चीवरच्या अव्वानं कधी कुणाकडून लिंबूसुद्धा मागितलं नाही. गोष्ट संपली की तीच आम्हाला जिन्यापर्यंत सोबत करायची. दोन्ही एकाच तराजूत घालणं हा अव्वावर अन्याय आहे.

आणि खरी भीती आली तेव्हा ती भुताची नव्हतीच. २०२२ च्या जानेवारीत ‘अनपॉज्ड : नया सफर’ हा पाच गोष्टींचा सिनेमा अ‍ॅमेझॉनवर आला. त्यातली ‘वैकुंठ’ नागराज मंजुळेंची, आमच्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या माणसाची. स्मशानात काम करणारा एक बाप, करोनाची लाट, एकामागून एक येणारी प्रेतं. घरमालक खोली सोडायला लावतो, स्वतःचा म्हातारा बाप दवाखान्यात. मंजुळे स्वतःच त्यात उभे आहेत, फार न बोलता. मसण, प्रेत, आग, रात्र हे भयपटाचं सगळं सामान तिथं आहे आणि भूत एकही नाही. ज्यांनी त्या दोन वर्षांत आपली माणसं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पाहिली, त्यांना ती गोष्ट सलग बघवत नाही. पण बाकीच्या चार गोष्टींच्या मध्ये ती आहे म्हणून सोसते, एवढं मात्र मला जाणवलं. दुःखाच्या बाजूला दुसऱ्याचं दुःख मांडलेलं असलं की माणूस उठून जात नाही.

राही अनिल बर्वेंचा ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ ला आला तेव्हा कौतुक झालं, पण थिएटरं भरली नाहीत. १९१८, १९३३, १९४७ अशा तीन काळांतून बापाची हाव मुलात उतरत जाते. मुळाशी लहान वयात मित्रानं सांगितलेली धारपांची एक कथा. म्हणजे पुन्हा तोंडी ऐकलेलीच! तोच सिनेमा सप्टेंबर २०२४ मध्ये परत लावला आणि या वेळी लोकांनी पहिल्यापेक्षा जास्त गर्दी केली. घरी मोबाईलवर कधीही बघता येत असताना पोरं तिकीट काढून गेली. मीही मुलांना घेऊन गेलो. विहिरीतल्या त्या गर्भात पिठाच्या बाहुल्या टाकतात तेव्हा मागच्या रांगेतून कुणीसं दबक्या आवाजात ‘आता बघ बे’ म्हणालं आणि माझ्या मुलीनं माझा हात धरला. इतकी वर्षं ती एकटी बघत होती.

म्हणून माझं इथल्या सिनेमा करणाऱ्या पोरांना सांगणं आहे. छोट्या फिल्म करणारी चिक्कार मंडळी सोलापुरात आहेत, हातात चांगले कॅमेरे आहेत. भयपट करायचा तर लंडनचा बंगला कशाला? रातपाळीच्या सायकलची गोष्ट करा, मराठीत. दार ठोठावणारीची करा, तेलुगूत. अक्कलकोट रस्त्याची कन्नडमध्ये, अत्तराच्या वासाची आमच्या दखनीत. गड्ड्याच्या जत्रेत पाळणे आवरल्यावर होम मैदानावर उरलेल्या रात्रीची एक घ्या. एक आजची, कुलूप घातलेल्या गच्चीची. वरून माणसांचे आवाज येतात आणि किल्ली कुणाकडेच नाही. भाषा बदलू नका, खाली अक्षरं द्या.

आणि या सगळ्यांना बांधायला सहा बायका घ्या, वीज गेलेल्या रात्री कंदिलाभोवती विड्या वळत बसलेल्या. एकीचं झालं की दुसरी म्हणते, हे तर काहीच नाही. सकाळी माल घेऊन कारखान्यात जातात, मुकादम मोजायला बसतो आणि सहा जणींच्या सुपांमधून सात जणींच्या विड्या निघतात. पुढचं तुम्ही ठरवा. फक्त तो सिनेमा आधी मोबाईलवर टाकू नका. भागवतला लावा, रात्री नऊचा खेळ ठेवा आणि ज्यांच्या गोष्टी आहेत त्या शहराच्या पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या बायकांना पहिल्या रांगेत बसवा.